वसंताची ऊब : संकेत की खर्च?

प्रतिपादक : वसंतात रानातील एखाद्या पक्ष्याची मादी पहिले अंडे कोणत्या तारखेला घालते हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो, परंतु तापमानवाढीचा सजीवांवर होणारा परिणाम दाखवणारा इतका दीर्घ आणि इतका नेटका पुरावा क्वचितच दुसरीकडे मिळेल. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्स या जंगलात डेव्हिड लॅक यांनी 1947 साली झाडांना लाकडी पेट्या टांगून ग्रेट टिट या पक्ष्याच्या विणीची नोंद सुरू केली. महाराष्ट्रात जिला राखी वल्गुली म्हणतात तिचा हा जवळचा नातलग. वजन जेमतेम 18 ग्रॅम, आणि मुळात झाडाच्या ढोलीत घरटे करणारा असल्यामुळे टांगलेली पेटी बिनतक्रार पत्करणारा. त्यामुळे त्याची अंडी मोजणे सोपे झाले. ही नोंद आजही चालू आहे आणि नेदरलँड्समधील होगे वेलुवे येथील अशीच नोंद 1955 पासूनची आहे. वायथममधील 1961 ते 2007 या 47 वर्षांचा आढावा घेतला तेव्हा तेथील माद्या सुमारे 14 दिवस आधी अंडी घालू लागल्याचे दिसले. ब्रिटनमधील 65 जातींच्या 1971 ते 1995 या काळातील नोंदी पाहता 20 जातींची वीण सरासरीने जवळपास 9 दिवस अलीकडे आली होती. ज्या वर्षी वसंत उबदार त्या वर्षी अंडी लवकर, ज्या वर्षी गार त्या वर्षी उशिरा, हा संबंध इतकी वर्षे टिकून आहे. तेव्हा विणीची वेळ तापमान ठरवते असे म्हणण्यास हरकत नसावी.

शंकाकार : हरकत आहे, आणि ती नोंदींच्या खरेपणाबद्दल नसून त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल आहे. उबदार वसंतात केवळ हवा उबदार होत नाही. ओकच्या कळ्या लवकर फुटतात, त्यांवर अळ्या लवकर येतात, मादीला भक्ष्य लवकर मिळते आणि रात्री अंग गरम ठेवण्यासाठी लागणारी शक्तीही वाचते. एवढ्या गोष्टी एकदम बदलत असताना त्यांतील एकीवर बोट ठेवणे घाईचे ठरेल. शिवाय समशीतोष्ण प्रदेशातील पक्ष्यांत विणीची तयारी सुरू होते ती दिनमानामुळे, म्हणजे दिवसाच्या लांबीमुळे. दिवस वाढू लागला की मेंदूतील प्रकाशसंवेदी पेशींपासून संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि हिवाळाभर आक्रसून राहिलेल्या जननग्रंथी वाढू लागतात. विल्यम रोवन यांनी 1920 च्या दशकात कॅनडातील कडाक्याच्या हिवाळ्यात जंको पक्ष्यांना उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवून कृत्रिम प्रकाशाने त्यांचा दिवस लांबवला, तेव्हा थंडी तशीच असताना जननग्रंथी वाढल्या. दुसरे उदाहरण कॉर्सिका बेटाचे. तेथील मुरो या खोऱ्यात पानझडी ओक आहेत आणि पिरियो या खोऱ्यात सदाहरित. दोन्ही खोरी एकमेकांपासून फार दूर नाहीत, तरी मुरोतील ब्लू टिट पिरियोतील ब्लू टिटपेक्षा सुमारे महिनाभर आधी अंडी घालतात, आणि संख्येनेही अधिक घालतात. सदाहरित ओकला नवी पालवी उशिरा येते आणि म्हणून अळ्याही उशिरा येतात, हे त्याचे कारण. हवेतील फरक महिनाभराचा नाही; फरक आहे तो झाडाचा.

प्रतिपादक : कॉर्सिकाचे उदाहरण एवढेच सांगते की दोन खोऱ्यांतील पक्ष्यांचे मूळ वेळापत्रक वेगळे आहे, त्या त्या खोऱ्यात एका वर्षाची तारीख दुसऱ्या वर्षाहून का सरकते, याचे उत्तर त्यात नाही. दिनमानाचेही तेच. 20 मार्चचा दिवस दरवर्षी तेवढ्याच लांबीचा असतो, त्यामुळे दिनमान ऋतूचे दार उघडू शकते, पण या वर्षीचा वसंत कसा आहे हे त्याला सांगता येत नाही. कारण आणि सहसंबंध यांतील भेदाची शंका मात्र रास्त आहे, आणि तिचे निरसन प्रयोगानेच व्हायला हवे. तसा प्रयोग नेदरलँड्स इन्स्टिट्यूट ऑफ इकॉलॉजी या संस्थेत झाला. ग्रेट टिटच्या जोड्या तापमान नियंत्रित करता येणाऱ्या दालनांत ठेवल्या, सर्वांना दिवसाची लांबी आणि अन्न सारखेच दिले, आणि काहींना उबदार तर काहींना गार वसंताचे तापमान दिले. उबदार दालनांतील माद्यांनी अंडी आधी घातली. 2009 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की माद्या सरासरी तापमानापेक्षा तापमानाच्या चढाला, म्हणजे ते दिवसागणिक वाढत जाण्याला, प्रतिसाद देतात. ओकची पालवी नाही, अळी नाही, केवळ हवा बदलली, तरी तारीख बदलली. असे का व्हावे हे पाहायचे तर वेळेचा हिशेब मांडावा लागतो. मादी रोज एक याप्रमाणे आठ-नऊ अंडी घालते, त्यानंतर सुमारे 13 दिवस ती उबवते, आणि पिल्ले साधारण दहा दिवसांची झाली की त्यांची भूक सर्वांत मोठी असते. विंटर मॉथसारख्या पतंगांच्या अळ्यांचा सुकाळ ओकच्या रानात काही आठवडेच टिकतो, आणि पिल्लांची भूक त्याच आठवड्यांत पडावी यासाठी पहिल्या अंड्याचा निर्णय महिनाभर आधी घ्यावा लागतो. मृगाचा पाऊस येण्याआधी कोरड्या जमिनीत धूळपेरणी करणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे मादीला पुढच्या महिन्याचा अंदाज आजच्या हवेवरूनच बांधावा लागतो.

शंकाकार : हा प्रयोग मान्य. परंतु त्यामुळे विषय मिटत नाही, उलट तो दुहेरी होतो, कारण आपल्या मांडणीत तापमान हा केवळ संकेत आहे, पुढे काय होणार याची वार्ता देणारा. दालनात अन्नाची ददात नव्हती. रानात ती असते. तेथे तापमान हा खर्चही आहे. मादीचे वजन 18 ग्रॅम आणि एका अंड्याचे सुमारे 1.7 ग्रॅम; नऊ अंड्यांचे मिळून 15 ग्रॅमांहून अधिक, म्हणजे नऊ दिवसांत ती जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकी अंडी घालते. एवढा साठा इतक्या लहान अंगात करून ठेवता येत नाही, त्यामुळे अंडे घडवण्याची सामग्री बहुतांशी त्या त्या दिवशी मिळवलेल्या अन्नातूनच येते. प्रत्येक अंड्याचा पिवळा बलक तीन-चार दिवस भरत असतो, आणि एका वेळी तीन-चार बलक वेगवेगळ्या अवस्थांत वाढत असतात. अशा काळात गार रात्र आली तर अंग गरम ठेवण्यासाठी जळणारे अन्न अंड्याच्या वाट्याचे असते. ख्रिस्तोफर पेरिन्स यांनी 1970 मध्येच सुचवले होते की पिल्लांच्या दृष्टीने योग्य तारीख आधीची असली तरी मादीला त्या वेळी अंडी घडवणे परवडत नाही, म्हणून ती परवडेल तेव्हा घालते. या मताप्रमाणे उबदार वसंतात अंडी लवकर येतात ती मादीला भविष्य कळते म्हणून नव्हे, तर तिचा खर्च उतरतो म्हणून. दोन्ही मतांचे भाकीत वरून सारखेच दिसते. त्यामुळे नुसत्या तारखा कितीही वर्षे जमवल्या तरी निवाडा होत नाही.

प्रतिपादक : तारखांवरून होत नाही, पण पेटीतील तापमान बदलून पाहिले तर थोडाफार होतो. अंडी घालण्याच्या दिवसांत ग्रेट टिटच्या पेट्या रात्री गरम किंवा गार करून पाहिल्याचा एक प्रयोग 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अंड्यांच्या आकारमानावर तापमानाचा परिणाम दिसला. पुढच्याच वर्षी ब्लू टिटच्या गरम केलेल्या पेट्यांबाबत प्रसिद्ध झाले की तेथे अंडी घालण्यात खंड पडण्याचे प्रमाण घटले. खंड म्हणजे मध्येच एखादा दिवस कोरडा जाणे. गारठ्याच्या दिवसांनंतर टिटच्या माद्यांत तो नेहमी पडतो. म्हणजे खर्चाची बाजू खरी आहे. मात्र रानातील माद्यांना जादा अन्न पुरवले असता अनेक प्रयोगांत तारीख अलीकडे आली ती थोड्याच दिवसांनी, आणि वर्षावर्षातील नैसर्गिक चढउतार त्याहून मोठा असतो. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात: ऋतूचा ढोबळ अंदाज संकेतावर, आणि त्या अंदाजाच्या आत आज अंडे घालायचे की उद्या, मोठे की लहान, हे खर्चावर.

शंकाकार : अशी वाटणी सोयीची आहे, परंतु तीत एक धोका राहतो. संकेत आणि खर्च एकाच दिशेने चालले तर मादीला तडजोड करावीच लागत नाही. तडजोड सुरू होते ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध जातात तेव्हा, आणि या विषयातील बहुतेक लेखन नेमके तेथेच घाईने पुढे सरकते. लवकर अंडी घालणाऱ्या माद्या सहसा अधिक अंडी घालतात; ऋतू सरकेल तशी एका खेपेतील अंडी कमी होत जातात. मग लवकर घालणे हेच श्रेयस्कर का नाही? कारण लवकरचे दिवस गार असतात. उशिरा घातली तर घडवण्याचा खर्च कमी, पण अळ्यांचा सुकाळ हुकण्याची भीती. अधिक घातली तर प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला कमी. लॅक यांचा 1947 मधील सिद्धान्त असा होता की पक्षी तेवढीच अंडी घालतात जेवढ्यांतून सर्वाधिक पिल्ले वाचतील. परंतु वायथममध्ये घरट्यांत पिल्ले वाढवून-कमी करून पाहिले असता सर्वाधिक पिल्ले वाचवणारी संख्या माद्या प्रत्यक्षात घालतात त्या सरासरीहून मोठी निघाली. 1987 मध्ये बॉइस आणि पेरिन्स यांनी याचा उलगडा असा केला की वाईट वर्षी मोठ्या खेपा साफ बुडतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबात एका चांगल्या वर्षाच्या नफ्याहून एका वाईट वर्षाचे नुकसान भारी पडते. म्हणून जरा कमी अंडी घालणारी मादी शेवटी पुढे राहते. तेव्हा तापमान सरासरीने वाढले एवढे सांगणे अपुरे आहे. ते किती लहरी झाले हेही मोजावे लागेल.

प्रतिपादक : लहरीपणाचा मुद्दा बिनतोड आहे, आणि मादीजवळ त्यावर एक उपाय असतो, तो म्हणजे उबवणे केव्हा सुरू करायचे. अंडी घातल्याबरोबर त्यांतील भ्रूण वाढू लागत नाही. साधारण 25 अंश सेल्सिअसच्या खाली तो जवळजवळ थांबून राहतो, आणि 36 ते 38 अंशांच्या आसपास त्याची वाढ उत्तम होते. त्यामुळे शेवटचे अंडे घातल्यावरच मादी बसली तर सर्व पिल्ले एकाच दिवशी बाहेर येतात. वसंत उबदार असेल तर मादी शेवटच्या अंड्याच्या आधीच बसू लागते, आणि गारठा आला तर अंडी पूर्ण झाल्यावरही काही दिवस थांबू शकते. अशा रीतीने घालण्याच्या तारखेत झालेली चूक फुटण्याच्या तारखेत काही अंशी सुधारता येते. वायथमच्या नोंदींतही हे दिसते. अर्थात हीसुद्धा तडजोडच आहे, कारण आधी बसले की पहिली पिल्ले मोठी आणि शेवटची लहान होतात, आणि अन्न अपुरे पडले तर मरते ते लहानगे.

उष्ण प्रदेशांत हाच प्रश्न उलटा होतो. तेथे न उबवलेली अंडी हवेच्या उष्णतेनेच अर्धवट जागी होतात आणि खराब होऊ लागतात. प्वेर्टो रिकोमध्ये थ्रॅशर पक्ष्याची अंडी काही दिवस न उबवता उघडी ठेवली असता ती फुटून पिल्ले निघण्याचे प्रमाण झपाट्याने घटले, आणि दमट डोंगरी रानात कवचातून आत शिरणाऱ्या सूक्ष्मजीवांनीही हातभार लावला. ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंचमध्ये तर 2016 मध्ये असे आढळले की हवा 26 अंशांच्या वर गेली की आईबाप उबवणीच्या अखेरच्या दिवसांत अंड्यांजवळ विशिष्ट हाका देतात, आणि त्या ऐकलेली पिल्ले उष्ण घरट्यात कमी वजनाची वाढतात. सुमारे 40.5 अंशांपलीकडे भ्रूण तग धरत नाही. विदर्भातील मे महिन्याचा विचार केला की उबवणे या क्रियेचा अर्थच बदलतो. तेथे पालकाचे काम ऊब देण्याऐवजी सावली धरण्याचे होते.

शंकाकार : विदर्भाचा उल्लेख झाला ते बरे, कारण युरोपातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावण्याची सवय आवरायला हवी. सलीम अली यांनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या विणीचा जो अभ्यास केला, त्या पक्ष्याचे वेळापत्रक पावसाशी बांधलेले आहे. गवत वाढले की घरटे विणायला धागे मिळतात, आणि पावसाबरोबर पिल्लांना भरवण्यासाठी किडे येतात. अंड्यांची संख्याही सारखी नसते: राखी वल्गुली एका खेपेत चार ते सहा अंडी घालते, तर तिचा युरोपीय नातलग आठ-नऊ. असो. तापमानाखेरीज इतर गोष्टी विसरू नयेत यासाठी खुद्द नेदरलँड्समधलेही एक उदाहरण पुरेसे आहे. आम्लधर्मी झालेल्या जमिनींवरील रानांत गोगलगायी घटल्या, आणि गोगलगायींचे शंख हाच चुन्याचा पुरवठा असल्यामुळे ग्रेट टिटच्या अंड्यांची कवचे पातळ आणि सच्छिद्र झाली. तेथे वसंत कितीही उबदार झाला तरी अंडे धड होणार नव्हते.

प्रतिपादक : उबेखेरीज चुनाही लागतो हे कोण नाकारील? पण गोगलगायी घटल्यामुळे अळ्यांचे वेळापत्रक बदलत नाही, आणि खरी काळजी त्या वेळापत्रकाची आहे. होगे वेलुवेच्या 1973 ते 1995 या वर्षांच्या नोंदींवरून मार्सेल व्हिसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवले की अळ्यांचा सुकाळ अलीकडे सरकला, पण माद्यांची तारीख त्याबरोबर सरकली नाही. अळ्या वाढतात त्या आठवड्यांत तापमान वाढले होते. माद्या निर्णय घेतात त्या आधीच्या आठवड्यांत ते तेवढे वाढले नव्हते. संकेत जुनाच राहिला आणि ज्याचा तो संकेत होता ती गोष्ट पुढे निघून गेली. वायथममध्ये संकेत आणि सुकाळ जवळजवळ बरोबरीने सरकल्यामुळे पक्ष्यांना मेळ राखता आला. तेथील यश हे तेथील हवामानाचे यश आहे, त्यावरून सर्वत्र निश्चिंत होता येत नाही. दूरवरून येणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट. पाइड फ्लायकॅचर हा काळापांढरा माशीमार हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. युरोपातला वसंत किती उबदार झाला याची वार्ता त्याला तेथे लागत नाही. तो पोहोचल्यावर लगबगीने घरटे करतो खरा, पण पोहोचण्याची तारीख फारशी हललेली नाही. नेदरलँड्समधील ज्या रानांत अळ्यांचा सुकाळ सर्वांत आधी येतो तेथे 1987 ते 2003 या काळात त्याची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी घटल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले.

शंकाकार : माशीमाराची घट खरी आहे, पण ग्रेट टिटची संख्या तशी घटली नाही. त्याच होगे वेलुवेच्या जवळपास चार दशकांच्या नोंदींवरून 2013 मध्ये दाखवण्यात आले की मेळ चुकलेल्या वर्षी घरट्यातून कमी पिल्ले बाहेर पडतात, परंतु ती कमी असल्यामुळे हिवाळ्यात त्यांच्यातली स्पर्धा ओसरते आणि उरलेली अधिक प्रमाणात वाचतात. घरट्यातले नुकसान हिवाळ्यात भरून निघते. याहून अवघड प्रश्न असा की मेळ चुकला हे म्हणणे तरी कोणाच्या बाजूने? पिल्लांच्या बाजूने पाहिले तर मादीने उशीर केला. मादीच्या बाजूने पाहिले तर तिने आठवडाभर आधी, गारठ्यात, अंडी घडवण्याचा आणि उबवण्याचा खर्च टाळला आणि पुढच्या वसंतापर्यंत जगण्याची आशा राखली. या दोन हितांच्या मध्ये जी तारीख निघते ती सुकाळाच्या थोडी नंतरचीच असणार, आणि तापमानवाढ होण्यापूर्वीही ती तशीच असू शकेल. हाच विचार पुढे व्हिसर यांनीही सहकाऱ्यांसह मांडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे ज्याला चूक म्हटले गेले तो सौदा असू शकतो.

प्रतिपादक : असू शकतो, पण सौदा कितीही चोख असला तरी त्यातला तोटा वर्षागणिक वाढत गेला तर तो कायम परवडेल असे नाही, आणि स्पर्धा ओसरण्याने मिळणारी भरपाईही अमर्याद नसते. नेदरलँड्समधील ग्रेट टिटमध्ये दुसऱ्या खेपेची वीण पूर्वी सर्रास दिसे, ती कमी होत गेली आहे. म्हणजे तडजोडीची एक वाट आधीच अरुंद झाली. 2005 मधील होगे वेलुवेच्या अभ्यासात दिसले की तापमानाला कमी-अधिक प्रतिसाद देण्याचा स्वभाव माद्यांमाद्यांत वेगळा असतो आणि तो काही अंशी आनुवंशिक आहे, आणि अधिक प्रतिसाद देणाऱ्यांचीच सरशी होत आहे. मादीचे हित पूर्णपणे सांभाळले जात असते तर निवडीचा हा रेटा जाणवला नसता.

शंकाकार : रेटा जाणवतो तो मुख्यतः पिल्लांच्या संख्येतून. आईच्या आयुष्यातून तो किती वजा होतो हे त्यातच धरल्याशिवाय रेटा खरा किती हे ठरत नाही. त्यासाठी पायात ओळखीची वळी असलेल्या, लवकर आणि उशिरा अंडी घालणाऱ्या माद्यांपैकी पुढच्या वर्षी कोणत्या परततात हे पाहावे लागेल, तेही माद्यांनी स्वतः निवडलेल्या तारखांवरून नव्हे, तर प्रयोगाने बदललेल्या तारखांवरून. कारण स्वतःहून लवकर घालणारी मादी मुळातच धडधाकट असण्याचा संभव अधिक.

प्रतिपादक : एवढे मान्य केले की वाद कोठे येऊन थांबतो हे स्पष्ट होते. तापमान विणीची तारीख हलवते, यावर आता दुमत उरले नाही. ते संकेत म्हणून किती हलवते आणि खर्च म्हणून किती, आणि त्या खर्चाचा भार आईवर किती व पिल्लांवर किती, हे मात्र जंगलाजंगलात वेगळे निघेल. आईच्या वाट्याचा भार मोजणे सर्वांत कठीण आहे. ग्रेट टिटच्या प्रौढ माद्यांपैकी साधारण निम्म्या पुढच्या वसंतापर्यंत टिकत नाहीत, आणि त्यांच्या मरण्यात एप्रिलमधील गारठ्यात घातलेल्या अंड्यांचा वाटा हिवाळ्यातील उपासमारीपासून वेगळा काढावा लागतो. वायथममध्ये बीच वृक्षाला भरपूर बिया आल्या तर त्या हिवाळ्यात अधिक पक्षी वाचतात. आणि बीचला भरपूर बिया कोणत्या वर्षी येणार हे ठरवण्यात आधीच्या उन्हाळ्याच्या तापमानाचाच मोठा हात असतो.